दुसऱ्या नंबरची गाडी

आण्णांचा हात वर गेला नाही, तरी मी माझा वर केला.

राधानगरीच्या अलीकडे एका वळणानंतर समोर ऊस चालला होता. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्हींच्या बाहेर हातभर लोंबणारी कांडी. ह्यासाठी आमच्या गटाचा स्वतःचा इशारा होता. डावा हात कोपरात दुमडून पाठीमागे न्यायचा आणि दोन बोटं दाखवायची. दोन बोटं म्हणजे दोन ट्रॉल्या. पहिली ओलांडली म्हणून लगेच आत घुसू नका. इतर ठिकाणच्या मोटरसायकलवाल्यांना ह्याची गरज पडत नसेल. सांगली-कोल्हापूरकडे फेब्रुवारीत त्याच्याशिवाय भागत नाही.

पहिली गाडी आण्णांची, दुसरी माझी, माझ्यामागे सात. पहिला जो इशारा करेल तो दुसऱ्याने मागच्यासाठी करायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याने, असं नवव्यापर्यंत. वळणावळणाच्या रस्त्यावर पाचव्या-सहाव्याला पहिला माणूस दिसतही नाही. त्याला दिसतो तो फक्त पुढच्याचा हात, आणि त्या हातावर विश्वास ठेवून तो ब्रेक दाबतो.

ही नियमावली मीच लिहिली होती. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना कसा घ्यायचा, बाटलीवर काय लिहायचं, ह्याच्या सवयीमुळे ते काम माझ्याकडे आलं होतं. चौदा इशारे, चार नियम, प्लॅस्टिकमध्ये घालून प्रत्येकाच्या खिशात. पहिला नियम असा: दिसला तसाच इशारा मागे द्यावा, मनाने भर घालू नये.

तो नियम मी त्या सकाळी साडेनऊ वाजता मोडला.

आण्णांना ट्रॉली दिसली नव्हती असं नाही. त्यांनी गाडी बरोबर कमी केली, बरोबर जागेवरून काढली. मी नीट पाहिलं. त्यांच्या डाव्या हाताची बोटं मुठीवरून दोन इंच उठली आणि परत बसली. बस, तेवढंच. त्यांच्या मते इशारा देऊन झाला होता.

दाजीपूरच्या जंगलात खड्डे आले. कधी बोटं उठली, कधी उठलीही नाहीत. मी खड्डा बघायचे आणि हात खाली करून दाखवायचे. माझ्यामागच्या कोरे सरांचा हात लगेच तसाच खाली जायचा, आरशात दिसायचा. व्यवस्था उत्तम चालली होती. फक्त तिची सुरुवात जिथून व्हायची तिथून होत नव्हती.

आण्णा म्हणजे श्रीपाल आरवाडे. माधवनगर रस्त्याला त्यांचं लेथचं वर्कशॉप. तीस वर्षं मशिनवर हात, त्यात दहा वर्षांपासून रक्तात साखर. बुलेट त्यांनी मला शिकवली होती. गटात बाई घ्यायची की नाही, ह्यावर सगळे जण चहाच्या कपात बघत बसले होते, तेव्हा आण्णा म्हणाले होते, "मी हिला दुसरा नंबर देतोय. ज्याला नको असंल त्यानं माझ्या मागनं येऊ नये." सगळे आले.

आणि आता सप्टेंबरात हिमाचलात, स्पितीला जायचं होतं. बारा दिवस, नऊ गाड्या. पुढे कोण असणार ते ह्याच सहलीत, देवगडच्या मुक्कामी ठरायचं होतं. सप्टेंबरातच आण्णा साठ पूर्ण करणार होते. स्पितीचा नकाशा दोन वर्षं त्यांच्या लेथच्या वर चिकटवलेला होता. त्यावर तेलाचे इतके डाग पडले होते, की काही गावं दिसेनाशी झाली होती.

देवगडला संध्याकाळी मुक्कामाच्या घराच्या अंगणात आम्ही खुर्च्या टाकून बसलो. आमचा सेक्रेटरी भालू तांबट. बँकेत कॅशियर, त्यामुळे समोर रांग नसली तरी घाईत बोलायचा.

"विषय एकच," तो म्हणाला. "स्पितीला पुढं कोण? म्हणजे विचारायचं म्हणून विचारतोय."

"विचारू पण नको," कोरे सर म्हणाले. ते गणिताचे शिक्षक. माशाचा काटा काढतानाही सिद्धता मांडत असल्यासारखे गंभीर. "आज एकशेऐंशी किलोमीटर झाले. मला एक खड्डा न सांगता आला नाही. एकही."

"आण्णा, तुमच्यासारखे इशारे कुणाचे न्हाईत," भालू म्हणाला. "हात वर करा बघू, आण्णा पुढं पाहिजेत त्यांनी."

आठ हात वर झाले. त्यातला एक माझा.

आण्णा लाजले. चहाचा स्टीलचा पेला त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला होता. थंडी नव्हती.

थोड्या वेळाने ते मला विहिरीजवळ गाठून म्हणाले, "हेमा, एक सांगू? चार लोकांत बोललो न्हाई."

"बोला ना, आण्णा."

"फोंड्याच्या घाटात, तिसऱ्या वळणाला. तुझा हात उशिरा गेला. मी कधीचा दाखवलावता."

मी म्हणाले, "हो. चुकलं."

"चुकू दे. पण स्पितीत असं चालायचं न्हाई. तिथं एका बाजूला दरी असती."

"आण्णा, हात कसा आहे तुमचा?"

"हाताला काय धाड भरलीय?" त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. उजवा पूर्ण उघडला. डावा अर्धा उघडला. पण ते बघत माझ्याकडे होते.

मी रात्रभर विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी व्यवस्थित झोपले. सकाळी उठले तेव्हा उपाय तयार होता, आणि तो मला चांगला वाटत होता. कुणाला काही सांगायचं नाही. मी फक्त माझी जागा बदलायची. मी मधून निघाले की आण्णांचे इशारे जसे आहेत तसे मागे दिसतील. दहा-पंधरा किलोमीटरमध्ये लोकांच्या लक्षात येईल, पहिल्या चहाला कुणीतरी विषय काढेल, कदाचित आण्णा स्वतःच काढतील. मला तोंड उघडावं लागणार नाही. मी त्याला मनात प्रयोग म्हटलं.

"सुयोग," मी म्हणाले, "आज तू दुसरा हो. माझा क्लच जड लागतोय. मी शेवटी राहते."

सुयोग मगदूम हा गटात सगळ्यांत लहान, सव्वीस वर्षांचा. मिरजेत त्याचं चष्म्याचं दुकान. दुसरा नंबर मिळाला म्हणून त्याने हेल्मेटची काच दोनदा पुसली.

"कार्ड पाठ आहे ना?" आण्णांनी विचारलं.

"आहे आण्णा. दिसला तसा मागं द्यायचा. मनानं काही करायचं न्हाई."

"शाब्बास."

परतीचा रस्ता वेगळा होता. तळेऱ्यावरून वैभववाडी, करूळचा घाट, गगनबावडा. पहिल्या पंधरा किलोमीटरमध्ये सात खड्डे आणि एक म्हैस आली. माझ्यापर्यंत दोन इशारे पोचले. म्हशीचा पोचला नाही, पण म्हैस स्वतः पोचली. तळेऱ्याला चहा झाला आणि कुणी विषय काढला नाही. "रस्ता जरा खराबच आहे इकडं," एवढंच भालू म्हणाला. खड्डे न सांगता आले तर माणसं रस्त्याला दोष देतात, हे मी गृहीत धरलं नव्हतं.

तळेऱ्याच्या पुढे रस्ता डोंगराला वळसा घालून खाली उतरतो. शेवटची गाडी वर असताना पहिल्या गाड्या समोरच्या बाजूला, खाली दिसतात. मला खालचं गाव दिसलं, गावाआधीची आंब्याची झाडं दिसली, आणि झाडांच्या सावलीत रस्त्यावर आडवा काळा पट्टा दिसला. नवीन डांबर, पांढरे पट्टे मारायचे राहिलेले. गतिरोधक.

आण्णांनी वेग कमी केला. गाडी हलकेच वर गेली, खाली आली. हात उठला नाही. सुयोगने शेवटच्या क्षणी ब्रेक मारला, त्याची गाडी उडाली, सावरली. त्याला इशारा दिसला नव्हता, म्हणून त्याने दिला नाही. नियमाप्रमाणे. त्यामागच्या दोघांनीही कसंबसं सावरलं. पाचवे कोरे सर वळणावरून बाहेर येत होते.

मागच्या माणसाने पुढच्याला काही सांगायचं असेल तर त्यासाठी इशारा नव्हता. नियमावली लिहिताना भालूने विचारलंही होतं. मी त्याला समजावलं होतं, की पुढच्याने मागे बघत बसणं धोक्याचं असतं. माहिती एकाच दिशेने जायला हवी. सगळ्यांना ते पटलं होतं. मीही तेव्हा स्वतःवर खूश होते.

मी हॉर्न दाबला. दाबूनच धरला.

कोरे सरांनी आरशात बघितलं, मागे कुणाला काय झालं म्हणून. तेवढ्यात त्यांचं पुढचं चाक त्या पट्ट्यावर चढलं.

वैभववाडीतल्या एका लहानशा दवाखान्यात सरांचा हात गळ्यात बांधला. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, बाकी खरचटलेलं. डॉक्टर म्हणाले, नशीब. सर बाहेर बाकावर येऊन बसले, त्यांच्या मुलाला फोन झाला, कोल्हापूरहून जीप निघाली. मग आम्हा नऊ जणांना वाट बघण्याखेरीज काम उरलं नाही, आणि अशा वेळी माणसं चूक कुणाची ते शोधतात.

"सुयोग," भालू म्हणाला, "तो गतिरोधक मागं का न्हाई सांगितलास?"

"मला आला न्हाई, दादा. आण्णांचा हात उठला न्हाई."

"मी दाखवला," आण्णा म्हणाले. अजिबात आवाज न चढवता. ते खोटं बोलत नव्हते.

"मला दिसला न्हाई, आण्णा."

"दुकान चष्म्याचं, आणि दिसत न्हाई?" भालू म्हणाला. कुणीतरी हसलं, आणि लगेच थांबलं.

"सकाळपासून खड्डे पण आले न्हाईत," दुसरं कुणी म्हणालं. "आता कळालं का ते. मला वाटलं रस्ताच तसा."

"काल हेमाताईंना सगळे दिसले," भालू म्हणाला. "माणूस तोच, हात तोच. काल एक चुकला न्हाई, आज एक दिसंना. मग अडचण कुठं आली? दुसऱ्या नंबरलाच ना?"

तर्कात काही खोट नव्हती. समोर असलेल्या माहितीवरून मीही हाच निष्कर्ष काढला असता. फक्त कालची माहिती मी बनवलेली होती.

सुयोग पायाने खडा सरकवत होता. मग म्हणाला, "असंल. मी काच पुसत होतो एकदा. तेव्हा दाखवला असंल. माझी चूक." मग सरांकडे वळून, "सर, माफ करा."

"अरे, होतं असं," सर म्हणाले. "मी पण मागं बघितलं ना. कोण एवढा हॉर्न वाजवत होतं कुणास ठाऊक."

"ह्याला स्पितीला नको न्यायला," भालू हळू आवाजात म्हणाला. पण बाक लहान होता.

"हॉर्न मी वाजवला," मी म्हणाले. "आणि सुयोगची चूक नाही. आण्णांचा हात उठला नव्हता."

"तुम्ही शेवटी होता, ताई. तुम्हाला काय दिसणार?"

"वरून दिसलं. आणि कालपण उठत नव्हता. काल मी देत होते."

कुणाला नीट कळलं नाही. भालूने विचारलं, "देत होता म्हणजे?"

"म्हणजे आण्णांची बोटं जराशी हलायची, किंवा हलायची नाहीत. मी रस्ता बघून इशारा द्यायचे. एकेचाळीस इशारे झाले काल. त्यातले चौदा आण्णांचे. सत्तावीस माझे."

आकडा माझ्या तोंडून सहज गेला.  दवाखान्यात आत कुणीतरी खोकत होतं.

"तुम्ही मोजत होता?" भालूने विचारलं.

"हो."

"दिवसभर?"

"हो."

"आणि संध्याकाळी हात वर केलात तेव्हा...?"

"तेव्हा मोजून झालं होतं."

हे मी ठरवून बोललेलं वाक्य नव्हतं. ते फक्त खरं होतं. आठही जणांनी माझ्याकडे बघितलं. क्षणापूर्वी त्यांच्यासमोर एक खोटं होतं, दयेपोटी सांगितलेलं, आणि ते त्यांनी पचवलंही असतं. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसाठी माणसं त्याहून मोठी खोटी बोलतात. पण खोटं बोलताना हिशोब ठेवणारी बाई त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती.

"चौतीस टक्के," कोरे सर म्हणाले. सवयीने, गळ्यात हात बांधलेला. "चौदा भागिले एकेचाळीस. एक टक्का कमी पडला, आण्णा. पास झाला असता."

कुणी हसलं नाही. मग सगळ्यांत आधी आण्णा हसले.

त्यांनी उजव्या हाताने डाव्या हातातला मोजा ओढून काढला. हात मांडीवर ठेवून बोटं हलवून बघितली. बराच वेळ बघितली, दुसऱ्याच्या वर्कशॉपमधलं मशिन बघावं तशी.

"मला वाटायचं पूर्ण उठतोय," ते म्हणाले. "आतनं तसंच वाटतंय की. आत्ता पण."

"आण्णा, चौदाचं काय खरं धरताय," भालू म्हणाला. "ताईंचं मोजण्यात..."

"हेमानं मोजलंय न्हवं? मग चौदाच असणार." ते माझ्याकडे वळले. "काल विहिरीपाशी का सांगितलं न्हाईस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि आता?"

  त्यांनी सुयोगच्या पाठीवर थाप मारली. "लेका, दिसलं न्हाई ते दिसलं असं कधी म्हणायचं न्हाई. तुझं तर दुकान त्याचंच आहे."

जीप आली. सर त्यात बसले. आण्णांनीही जीपमधून यावं असं भालूने सुचवलं.

"गाडी चालवता येतीय मला," आण्णा म्हणाले. "तुम्हाला सांगता येत न्हाई, एवढंच." मग मला म्हणाले, "हो पुढं. मी शेवटी येतो."

करूळचा घाट मी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या मागे न राहता चढले. पुढे माणूस नसला की रस्ता फार जवळ दिसतो. प्रत्येक खडा आपल्यालाच विचारतोय असं वाटतं. मी दगड दाखवले, एसटी दाखवली, वळणावर सांडलेली खडी दाखवली. आरशात सुयोगचा हात माझ्या हाताबरोबर उठत होता, त्याच्या मागचा त्याच्याबरोबर. गगनबावड्याच्या पुढे ऊस लागला, तेव्हा मी दोन बोटं पाठीमागे नेली. एकही इशारा राहू नये म्हणून मी इतकी ताठ बसले होते, की कळे गावात उतरल्यावर खांदे खाली येईनात.

तिथे रसवंतीत आम्ही थांबलो. घुंगरू वाजत होते, लाकडी बाकावर माश्या होत्या. भालू आणि बाकीचे एका बाकावर बसले. मी बसले त्या बाकावर जागा होती, पण सगळ्यांना तिकडेच सावली जास्त वाटली. आण्णा शेवटून आले, गाडी लावली आणि रसाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून माझ्याशेजारी बसले.

"चांगले आले इशारे," ते म्हणाले. "पार शेवटापर्यंत. हात स्वच्छ आहे तुझा."

"थँक्यू, आण्णा."

"एक राहिला तेवढा."

"राहिला? मधे कुणी सोडला?"

"छे. तूच दिला न्हाईस. मागच्यांची काय चूक?"

मी सबंध रस्ता डोळ्यांपुढे आणला. वैभववाडीपासून तेवीस इशारे. दगड, एसटी, खडी, कुत्रं, पूल. "कुठला, आण्णा?"

त्यांनी रस संपवला, मिशा पुसल्या.

"सांगीन की कधीतरी," ते म्हणाले. "आत्ता वाईट वाटंल तुला."

सप्टेंबरात स्पितीला पुढे मी होते. दुसऱ्या नंबरला सुयोग. बारा दिवसांत कुणी पडलं नाही, आणि मुक्कामाला माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. माझ्यासमोर बोलताना माणसं आकडे मात्र जपून सांगायला लागली. किती पेग झाले, गाडी किती वेगात होती, बायकोचा फोन किती वेळा आला. भालू तर "साधारण" हा शब्द लावल्याशिवाय मला वेळही सांगत नसे. इशाऱ्यांच्या कार्डाची नवी प्रत निघाली, त्यात पाचवा नियम आला: काही अडचण असल्यास मुक्कामी तोंडाने सांगावे. तो मी लिहिलेला नाही.

आण्णांनी बुलेट पुढच्या दिवाळीला विकली.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. करूळच्या घाटातून मी त्यानंतर अनेकदा गेले. एकदा तर फक्त तेवढ्यासाठी, एकटी, दर वळणाला थांबून. पण रस्ता एका पावसाळ्यात खचला, मग नवा झाला, वळणं कापली, पूल रुंद झाला. तपासायला काही उरलेलं नाही. चोविसावा काय होता, की आण्णांनी तो तिथल्या तिथे रसवंतीत बनवला, हे मला सांगता येत नाही.

आण्णा महिन्यातून एकदा भेटतात. वर्कशॉप मुलगा बघतो; ते खुर्चीवर बसून त्याच्या चुका काढतात. मला चहा सांगतात, पाण्याचे नमुने कसे येतायत ते विचारतात. मला दर वेळी वाटतं, आज विचारावं. मग त्यांच्या मांडीवरच्या त्या हाताकडे लक्ष जातं, आणि वाटतं, कशाला, उगाच त्यांना वाईट वाटेल. आणि मी विचारत नाही.